रात्रपाळीच्या टेबलावर वाचायला काही ठेवा

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष,
जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार

महोदय, महोदया,
सप्रेम नमस्कार.

मी महसूल खात्यात ३१ वर्षं नोकरी केली. तलाठी म्हणून लागले, मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झाले. आता अमळनेरला राहते. हे पत्र तक्रारीचं नाही, मागणीचं आहे. मागणी इतकी साधी आहे की मान्सूनपूर्व बैठकीच्या विषयपत्रिकेत तिला शेवटची ओळही मिळायची नाही, म्हणून उघड लिहिते आहे. आपत्तीच्या कामात असलेल्या माणसांना त्यांच्या कामाचं वाचायला द्या. मराठीत द्या. आणि आपल्याकडे जे घडतं ते त्यांच्याकडून लिहून घ्या.

हे डोक्यात कधीपासून बसलं ते आधी सांगते.

ऑगस्टातली रात्र होती. गावाचं आणि सालाचं नाव घेत नाही, कारण त्या रात्री जी चूक झाली ती एका माणसाची नव्हती. वरच्या धरणातून विसर्ग वाढवल्याचा निरोप आला: १,२०० क्युमेक. निरोप घेणारा मुलगा नवा होता, अनुकंपावर लागून चार महिने झाले होते. त्याने वहीत आकडा बरोबर लिहिला, पण पुढे फोनवर सांगताना ‘बाराशे क्युसेक’ सांगितलं. आदल्या आठवडाभर आम्ही वीस-पंचवीस हजार क्युसेकचे निरोप ऐकत होतो. बाराशे म्हणजे पाणी उतरलं, असाच अर्थ सगळ्यांनी काढला. मीही काढला. दवंडीसाठी थांबवून ठेवलेल्या कोतवालाला मीच म्हटलं, जा, आता झोप.

क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी. क्युमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर. एका घनमीटरात पस्तीसपेक्षा थोडे जास्त घनफूट बसतात. म्हणजे त्या रात्री आमच्याकडे बाराशे नव्हे, बेचाळीस हजारांवर क्युसेक येत होते.

रात्री दोनच्या सुमाराला खालच्या गल्लीतून ओरडा आला, “नदीले पूर उना!” पात्रातल्या पाणी उपसायच्या मोटारी कोणी काढलेल्या नव्हत्या. दोघे भाऊ म्हशी घेऊन मधल्या बेटावर मुक्कामाला होते. त्यांनी उरलेली रात्र बाभळीवर काढली. म्हशी वाहून गेल्या. सकाळी आठ वाजता गावातल्या भोई बांधवांनी होडी घातली आणि दोघांना काठाला आणलं. धाकट्याच्या हातापायात इतके काटे रुतले होते की त्याला धड उभं राहता येत नव्हतं. त्यांच्या आईने मला काही विचारलं नाही. नुसती बघत राहिली. मला आजही त्या घरावरून जाताना मान वर करता येत नाही.

आठ दिवसांनी मी दीड पान लिहिलं. निरोप देताना आकड्याबरोबर एकक म्हणायचंच. ऐकणाऱ्याने तो निरोप परत म्हणून दाखवायचा. दोन्ही एककं शेजारी शेजारी लिहिलेला तक्ता फोनच्या वर भिंतीला चिकटवायचा. बस, एवढंच. ते दीड पान वर पाठवलं, त्याला आवक क्रमांक पडला, आणि ते फायलीत गेलं. कोणी दडपलं नाही, कोणी फेटाळलंही नाही. अशा कागदाने पुढे जायचं कुठे, ती जागाच नव्हती. पंचनामा असता तर त्याला वाट होती, अनुदानाची यादी असती तरी होती. शिकलेल्या गोष्टीला वाट नव्हती.

दोन वर्षांनी एका प्रशिक्षणात चहाच्या वेळी दुसऱ्या तालुक्यातला एक सहकारी हसत हसत सांगू लागला, आमच्याकडे काय गंमत झाली, क्युमेकचं क्युसेक झालं. माझ्या हातातला कप थांबला. माझं दीड पान तिकडे पोचलं असतं तर?

निवृत्तीनंतर मुलीने जुना लॅपटॉप दिला. शब्दकोश शेजारी ठेवून मी इंग्रजी वाचायला लागले. सुरुवातीला दिवसाला दोन पानं, मग चार. तेव्हा कळलं की आम्ही ज्या गोष्टी चिखलात पाय घालून शिकलो, त्यातल्या कितीतरी जगात कुठेतरी लिहून ठेवलेल्या होत्या, आणि त्याही बऱ्याचशा फुकट वाचायला. राग आला नाही. हळहळ वाटली.

एक उदाहरण माझ्यापुरतं पुरे आहे. पुरात हलवलेल्या लोकांना आपण जिल्हा परिषदेच्या शाळेत ठेवतो. एका वर्गात किती माणसं ठेवावीत? मी नोकरीत असताना हा प्रश्न कधी कुणी विचारला नाही, मीही नाही. मी चाळीस ठेवली होती. मदतकार्याच्या किमान मानकांची स्फिअर नावाची एक हस्तपुस्तिका आहे. मदत करणाऱ्या जगभरच्या संस्थांनी १९९७ पासून एकत्र बसून ती घडवली, तिची शेवटची आवृत्ती २०१८ ची. त्यात लिहिलं आहे की निवाऱ्यात माणशी किमान साडेतीन चौरस मीटर जागा हवी, माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी हवं, आणि २० माणसांमागे एक संडास हवा. आपला वर्ग २० फूट बाय २५ फुटांचा धरा. हिशोब करा. तेरा माणसं बसतात. मी चाळीस कोंबली होती, त्यात दोन बाळंतिणी होत्या आणि संडास दोन, त्यातल्या एकाला दार नव्हतं. हे आकडे मला माहीत असते तर मी सगळी सोय करू शकले असते असं नाही. पण गावातला दुसरा वाडा मागितला असता, समाजमंदिर उघडायला लावलं असतं, आणि वर फोन करताना ‘जरा अडचण आहे’ म्हणण्याऐवजी ‘मला अजून तीन खोल्या आणि दार असलेला एक संडास कमी पडतोय’ असं म्हटलं असतं. आकडा हाती असला की मागणी मागणीसारखी वाटते.

दुसरी गोष्ट मृतदेहांची. आपल्याकडे पक्का समज आहे की आपत्तीनंतर प्रेतं पडून राहिली की साथ येते, म्हणून जितक्या लवकर तितकं बरं, घाईने अंत्यविधी उरकायचे. जागतिक आरोग्य संघटना, तिची अमेरिका खंडातली शाखा आणि रेडक्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती यांनी २००६ साली खास पहिल्यांदा पोचणाऱ्या लोकांसाठी एक पुस्तिका काढली, २०१६ ला ती सुधारली. तिच्यात स्वच्छ म्हटलं आहे की बुडून किंवा मार लागून मेलेल्या माणसांच्या देहांमुळे साथी पसरत नाहीत. पिण्याच्या पाण्यात देह असेल तर तो काढून पाणी निर्जंतुक करायचं, हे खरं. पण घाई केल्याने होतं ते एवढंच, की ओळख पटायची राहते. म्हणून प्रत्येक देहाला वेगळा क्रमांक द्या, लवकरात लवकर चेहऱ्याचे आणि अंगावरच्या खुणांचे फोटो घ्या, कपडे-दागिने त्याच क्रमांकाने बांधून ठेवा. हे करायला डॉक्टर लागत नाही. पोलिस पाटील आणि मोबाइल फोन पुरतो. ज्या घरातला माणूस बेपत्ता म्हणून वर्षानुवर्षं अडकून पडतो, वारसाची नोंद होत नाही, मदत मिळत नाही, त्या घराला विचारा या अर्ध्या पानाची किंमत.

उन्हाचं तर आपल्याला वेगळं सांगायला नको. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की आपण फक्त ‘तापलं’ म्हणतो. अहमदाबादेत मे २०१० मध्ये अशीच लाट आली होती. संशोधकांनी तिथल्या मृत्यूंच्या नोंदी मागच्या वर्षांशी ताडून पाहिल्या आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाल्याचं दाखवलं. तो लेख २०१४ साली छापून आला, कोणालाही मोफत वाचता येतो. त्याआधीच, २०१३ मध्ये, अहमदाबाद महापालिकेने उष्मा कृती आराखडा केला होता. दक्षिण आशियातल्या शहरांतला तो पहिला. अहमदाबाद काही सातासमुद्रापार नाही, आपली तापी वाहत वाहत गुजरातेतच जाते. त्या लेखातली मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे त्यांची रीत. उष्माघाताने मेला अशी नोंद क्वचितच होते. दाखल्यावर हृदयविकार येतो, ताप येतो, वार्धक्य येतं. म्हणून त्यांनी कारण बाजूला ठेवलं आणि नुसती संख्या मोजली. हे आपल्या ग्रामपंचायतीच्या जन्म-मृत्यू नोंदवहीत करता येणार नाही का? एका गावाचा आकडा लहान असेल, त्यातून काही सिद्ध होणार नाही. पण एका तालुक्यातली सगळी गावं, पाच वर्षांचे मे महिने, एक चौकोनी तक्ता. ग्रामसेवकाला त्या लेखाचं दोन पानी मराठी सार दिलं तर तो हे एका दुपारी करून देईल. अशी माणसं आहेत आपल्याकडे, मी त्यांच्याबरोबर काम केलं आहे.

आता नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावकडे या. सरदार सरोवराच्या पाण्याने महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित झाली, ती सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी (म्हणजेच धडगाव) तालुक्यांतली. काठावरच्या कितीतरी पाड्यांना आज रस्ता म्हणजे पाणी आणि गाडी म्हणजे बोट. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने बोटींच्या सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वं सप्टेंबर २०१७ मध्ये काढली. त्यानंतर सव्वा वर्षाने, १५ जानेवारी २०१९ ला, संक्रांतीच्या दिवशी धडगाव तालुक्यात नर्मदेत बोट उलटली आणि किमान सहा जण गेले. बोटीत माणसं फार होती, असं तेव्हा बातम्यांत आलं. ती तत्त्वं इंग्रजीत आहेत. क्षमतेपेक्षा जास्त माणसं घेऊ नका, जीवरक्षक जाकिटं ठेवा, असंच त्यांत सांगितलं आहे. पण ती पावरी किंवा भिली बोलणाऱ्या नावाड्यापर्यंत नेणार कोण? तलाठी, ग्रामसेवक, आश्रमशाळेचे गुरुजी. आणि त्यांच्या हाती ती कोणत्या भाषेत पडणार? मी हे कुणाला दोष द्यायला लिहीत नाही. लिहिलेलं ज्ञान आणि पाण्यावरचा माणूस यांच्यात किती थोडं अंतर होतं आणि तेवढंही कसं भरलं गेलं नाही, एवढंच मला दिसतं.

वाचनाने माणूस घटनेकडे बघतो तेही बदलतं, हे मला अनुभवाने कळलं. अमेरिकेत १९६३ साली ओहायो राज्य विद्यापीठात आपत्ती संशोधन केंद्र सुरू झालं, पुढे ते डेलावेअरला गेलं. त्या लोकांनी कितीतरी आपत्तींच्या जागी जाऊन माणसं प्रत्यक्षात कशी वागतात ते तपासलं. त्यांचं सांगणं असं की घबराट ही आपण समजतो त्यापेक्षा फार दुर्मिळ गोष्ट आहे. बहुतेक लोक शेजाऱ्याला हाका मारतात, म्हाताऱ्यांना उचलतात, बचाव पथक यायच्या आधी बचावाचं काम सुरू करतात. आणि आमच्या वेळी काय ऐकायला मिळायचं? “आत्ताच सांगू नका, लोक घाबरतील.” हे वाक्य मी स्वतः उच्चारलेलं आहे. इशारा उशिरा देण्याचं सगळ्यात सोयीचं कारण म्हणजे लोकांची घबराट, आणि ते कारणच बहुतेक वेळा खोटं असतं, हे मला साठीनंतर कळलं.

२२ जानेवारी २०२५ ला पाचोरा तालुक्यात परधाडेजवळ पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची अफवा उठली, साखळी ओढली गेली, लोक खाली उतरले आणि शेजारच्या रुळावरून येणाऱ्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली सापडले. त्याही दिवशी पुष्कळांच्या तोंडी घबराट हाच शब्द होता. पण डब्यात आग आहे असं ऐकल्यावर उतरणारा माणूस वेडेपणा करत नाही. त्याला खरी माहिती कोण देऊ शकलं असतं, किती सेकंदांत, हा माझ्या मनातला प्रश्न आहे. आणि त्याहून जवळचा प्रश्न आपला आहे. रुळाकडे पहिले धावलेले गावकरी, पहिली रुग्णवाहिका, तिचा चालक, तिथला तलाठी, रुग्णालयातली त्या पाळीची परिचारिका यांनी पहिल्या तासात काय पाहिलं? जखमींना कोणत्या वाटेने नेलं, कोणती वाट बंद निघाली, परराज्यातल्या माणसांची ओळख कशी पटवली? मी शोधलं. माझ्या वाचनात असं काही आलं नाही. बातम्या आहेत, चौकशी असते, पण काम करणाऱ्याने काम करणाऱ्यासाठी लिहिलेलं पान नाही.

शिरपूरजवळच्या वाघाडीत ३१ ऑगस्ट २०१९ ला रासायनिक कारखान्यात स्फोट झाला, त्याचंही तेच. सुरतच्या ऑगस्ट २००६ च्या पुरावर अभ्यासकांनी पुष्कळ लिहिलं. त्याच तापीकाठी वर आपण राहतो. हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडल्यावर पाणी कुठल्या गावाला किती तासांनी लागतं, सारंगखेडा आणि प्रकाशा बॅरेजच्या मागे ते कसं तुंबतं, अनेर आणि पांझरा एकाच वेळी आल्या तर काय होतं, हे काठावरच्या जुन्या माणसांना तोंडपाठ आहे. ती माणसं आता एकेक करून जाताहेत. रावेर-यावलची केळी वादळात कशी आडवी होते, कोणत्या दिशेच्या वाऱ्याने होते, हे तिथल्या कृषी सहायकाला पाठ आहे आणि त्याची बदली झाली की तेही त्याच्याबरोबर जातं.

हे का लिहिलं जात नाही? आळस हे कारण नाही. भीती हे कारण आहे. खात्यात ‘माझ्याकडून चूक झाली’ असं कागदावर लिहिणं म्हणजे स्वतःच्या नावाची कारणे दाखवा नोटीस स्वतःच टाइप करणं. माझ्या दीड पानातही मी ‘निरोपात संदिग्धता राहिली’ असं लिहिलं होतं. कोतवालाला झोपायला मीच पाठवलं, हे लिहिलं नव्हतं. आज पहिल्यांदा लिहिते आहे, तेही पेन्शन सुरू झाल्यावर.

यावर वाट काढता येते. विमान चालवणाऱ्यांनी ती काढली आहे. अमेरिकेत १९७६ पासून नासा ही संस्था वैमानिक, हवाई वाहतूक नियंत्रक, दुरुस्ती कामगार यांच्याकडून त्यांच्याच चुकांचे आणि थोडक्यात टळलेल्या अपघातांचे अहवाल मागवते. नाव-गाव काढून टाकलं जातं. शिक्षा करणारी यंत्रणा वेगळी, ऐकून घेणारी वेगळी. त्यातले निवडक अहवाल ‘कॉलबॅक’ नावाच्या छोट्या मासिक पत्रात छापले जातात. लिहिणारा आपल्या शब्दांत सांगतो, मी असं समजलो, मग असं झालं. तिकडच्या वणवा विझवणाऱ्यांसाठीही २००२ पासून एक धडे-केंद्र आहे. आग विझून फार दिवस व्हायच्या आत तिथे दोन-तीन पानांचं टिपण येतं: काय घडलं, कशाने वाचलो, पुढच्या वेळी काय करू. आणि रोज सकाळी कामावर जाण्यापूर्वी सहा मिनिटं एखाद्या विषयावर बोलायचं, त्यासाठीचे कागद तयार असतात. सहा मिनिटं. आपल्याकडे सोमवारच्या बैठकीत चहा यायलाच तेवढी लागतात.

ऑस्ट्रेलियात आपत्ती व्यवस्थापनाचं एक त्रैमासिक निघतं, सगळ्यांना मोफत. त्यात प्राध्यापकाच्या शोधनिबंधाशेजारी अग्निशमन दलात काम करणाऱ्याचा लेख असतो. मला ते शेजारपण फार आवडलं. आपल्या देशातही राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेचं ‘डिझास्टर अँड डेव्हलपमेंट’ हे नियतकालिक आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ४२ मध्ये त्या संस्थेच्या कामांत नियतकालिकं, शोधनिबंध, पुस्तकं छापणं आणि ग्रंथालयं चालवणं हे शब्दशः आलं आहे. म्हणजे आपत्तीच्या कामाला वाचन लागतं, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होतं. फक्त ते दिल्लीहून इंग्रजीत निघतं आणि तालुक्याच्या नियंत्रण कक्षाच्या टेबलापर्यंत येत नाही. त्याच कायद्याचं कलम ३० अधिकारी, कर्मचारी आणि स्वयंसेवक यांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी जिल्हा प्राधिकरणाला देतं. वाचन हे प्रशिक्षणच आहे, तेही मंडप, भोजन आणि प्रवासभत्ता न लागणारं.

आपल्या राज्यात शेतकऱ्यांसाठी कृषी खात्याचं ‘शेतकरी’ मासिक आहे. पोलिसांचं ‘दक्षता’ आहे. शिक्षकांचं ‘जीवन शिक्षण’ आहे. एकतीस वर्षांत माझ्या टेबलावर आपत्तीच्या कामाचं म्हणून एकही अंक आला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये इथे अमळनेरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, तेव्हा मी पुस्तकांच्या दालनात दोन दुपारी फिरले. आपत्ती व्यवस्थापनावर मिळाली ती स्पर्धा परीक्षेची पुस्तकं. व्याख्या, वर्गीकरण, कायद्याची कलमं. परीक्षा पास व्हायला उत्तम. रात्री दोनला उपयोगाची नाहीत.

म्हणून माझी मागणी अशी. तिन्ही जिल्ह्यांनी मिळून मराठीत एक त्रैमासिक काढावं. सोळा पानांचं, साधं, पावसात भिजलं तर हळहळ वाटू नये असं. तिन्ही मिळून यासाठी की तापी, गिरणा, पांझरा जिल्ह्याची हद्द पाळत नाहीत, आणि जळगावच्या चुकीतून नंदुरबारला शिकता यावं. अर्धा अंक आपल्या लोकांचा, अर्धा जगातल्या वाचण्यासारख्या गोष्टींच्या सारांशाचा. उन्हाचा अंक फेब्रुवारीत हाती पडला पाहिजे, पुराचा आणि विजांचा मे महिन्यात, सारंगखेड्याच्या यात्रेतल्या गर्दीचा दत्तजयंतीच्या आधी. जुलैत छापलेलं पुराचं पुस्तक म्हणजे कागद.

लिहिणाऱ्याचं नाव, गाव, कार्यालय छापू नका. आपल्या तिघांच्या सहीने एक परिपत्रक काढा की या अंकासाठी लिहिलेल्या मजकुरावरून कोणावरही कारवाई सुरू होणार नाही. सगळ्या मागणीत हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. हे नसेल तर अंकात फक्त उद्घाटनांचे फोटो येतील. ज्याला लिहिता येत नाही त्याचं ऐकून कोणीतरी लिहावं. त्या भोई बांधवांनी पुराच्या धारेत होडी कुठून घातली, सरळ का नाही, वरच्या अंगाला इतकी लांब का नेली, हे मी त्यांना तेव्हा विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

प्रत्येक तालुक्याच्या नियंत्रण कक्षात एक कपाट हवं. कुलूप नसलेलं. पावसाळ्यात तिथे रात्रपाळी असते, माणूस फोन आणि नोंदवही घेऊन बसलेला असतो आणि बराच वेळ काहीच होत नाही. मीही बसले आहे. त्या वेळात मी दिवाळी अंक वाचले, जुनी वर्तमानपत्रं वाचली, एकदा पर्जन्यमापकाची माहितीपुस्तिका तीन वेळा वाचली. दुसरं काही नव्हतं. त्या कपाटात राष्ट्रीय प्राधिकरणाच्या पूर, उष्णतेची लाट, बोट सुरक्षा या मार्गदर्शिकांची मराठी सारं ठेवा, जिल्ह्याचा आराखडा ठेवा, मागच्या दहा वर्षांतल्या आपल्या घटनांची टिपणं ठेवा. जिल्हा आराखडा दरवर्षी तपासून अद्ययावत करायचा, असं कायदाच सांगतो. वाचल्याशिवाय तो तपासणार कसा? नुसते फोन नंबर बदलून?

भाषेबद्दल एक आग्रह. ‘कार्यवाही करण्यात यावी’ची मराठी नको. कोणी काय करायचं ते त्या क्रियापदात हरवतं. बांधावर बोलतो तशी मराठी हवी. आणि नंदुरबारसाठी, आमच्या अहिराणी पट्ट्यासाठी, मुख्य पानं कोणीतरी अहिराणीत, भिलीत, पावरीत वाचून त्याच्या ध्वनिफिती मोबाइलवर फिरवाव्यात. जळगावचं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ या कामाला मुलं देऊ शकेल. भाषांतराचं, ध्वनिमुद्रणाचं, जुन्या माणसांना विचारून लिहून घेण्याचं काम एखाद्या विद्यार्थ्याचा वर्षाचा प्रकल्प होऊ शकतं, आणि ते त्याला जन्मभर पुरेल.

मला विचारलं जाईल की आधी दोर, बोटी, टॉर्च की आधी पुस्तकं? दोर आधी, यात वाद नाही. पण त्या रात्री आमच्याकडे दोर होता, टॉर्च होते, कोतवाल दवंडीची तयारी करून बसला होता. कमी पडली ती एक ओळ: क्युमेक म्हणजे किती.

पैशाचंही म्हणाल. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी माहितीपत्रकं छापलीच जातात, फलक लावलेच जातात. त्याच खर्चात हे बसवता येईल. संपादनाला माणूस नाही, असं म्हणाल तर याच अमळनेरचं एक उदाहरण देते. साने गुरुजी इथे प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत होते आणि वसतिगृह सांभाळत होते, तेव्हा मुलांसाठी ‘छात्रालय’ दैनिक हाताने लिहून काढत. दैनिक, तेही हाताने, दिवसभर शाळा शिकवून. त्यांच्याकडे छापखाना नव्हता. आपल्याकडे तीन जिल्ह्यांची कार्यालयं आहेत, संगणक आहेत, आणि तीन महिन्यांत सोळाच पानं भरायची आहेत.

पहिल्या अंकासाठी मजकूर शोधत बसू नका. माझं दीड पान मी पुन्हा लिहून काढलं आहे. आता ते अडीच पानांचं झालं आहे, कारण या वेळी कोतवालाला कोणी झोपायला पाठवलं तेही त्यात आहे. सोबत दोन्ही एककांचा तक्ता आहे, मोठ्या अक्षरात, फोनच्या वर चिकटवता येईल असा. तिन्ही जिल्हाधिकारी कार्यालयांत येत्या सोमवारी मी एकेक प्रत टपालाने पाठवते आहे. संपादन, मुद्रितशोधन, जुन्या माणसांकडे जाऊन लिहून घेणं, जे काम सांगाल ते करायला येईन. मानधन नको. एस. टी. आहे, आणि महिलांना तिकीट अर्धं आहे.

आपली,
एक निवृत्त मंडळ अधिकारी,
अमळनेर